सात बागम्

११ जून १९६१, रविवार

वही विकत घेऊन महिना होत आला. पहिल्या पानावर 'विद्याधर' एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहावं म्हणून पेन्सिलीला टोक काढत बसलो. तेवढ्यात खाली रस्त्यावर कोणीतरी बैलाची शिंगं निळी रंगवताना दिसलं. ते बघायला उतरलो आणि त्या बैलामागे मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेलो. वही राहिली. माझं सगळं असंच आहे. मिरजेहून निघालो तो बंगलोरला मावशीकडे आठ दिवस राहून परत यायचं म्हणून. त्याला दोन वर्षं झाली, आणि मी मद्रासेत तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे सड्या पुरुषांच्या लॉजमध्ये, सहा फूट बाय नऊ फुटांच्या खोलीत आहे.

आज मात्र लिहायलाच हवं. आज मी एका आईला शब्द दिला.

अन्नपूर्णाबाई शेजारच्या गल्लीत राहतात. तंजावरकडची मराठी माणसं, कित्येक पिढ्या इकडेच. त्यांचा धाकटा मुलगा राघोत्तम शाळेत संस्कृत शिकवतो. एकदा नळाचं पाणी गेलं म्हणून मी मराठीत शिवी हासडली, तर मागून कोणीतरी अगदी अदबीनं विचारलं, "आपण देशाकडील काय?" तो हा. त्यांचं बोलणं ऐकलं की कोणाचे तरी खापरपणजोबा बोलतायत असं वाटतं, आणि मध्येच तमिळ. तेव्हापासून रविवारचं जेवण तिकडे.

थोरला मुलगा गुंडो मद्रासबाहेर आवडी नावाच्या गावी कारखान्यात नकाशे काढायचा. नऊ मार्चला नेहमीच्या गाडीनं गेला, पण कारखान्यात गेलाच नाही. पुढे तीन मैलांवर मोठं तळं आहे, तिथे गेला. सुब्बा नावाच्या कोळ्यानं त्याला लांबून पाण्यात उतरताना पाहिलं. वर आलेला कोणी पाहिला नाही. काठावर घडी केलेला सदरा, चष्मा डबीत, घड्याळ रुमालात गुंडाळलेलं, आणि सगळ्यावर रेल्वेचा पास. तो उडू नये म्हणून त्यावर खडा. फार टापटिपीचा माणूस असला पाहिजे. मी पोहायला जाताना कपडे झाडावर फेकतो.

दोन दिवस लोकांनी गळ टाकून तळं शोधलं. काही मिळालं नाही. शास्त्रीबोवांनी सांगितलं, देह नाही तर बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून संस्कार करायचे. म्हणजे गुंडोची बायको कृष्णवेणी, वय बावीस, बारा वर्षं ना सवाष्ण ना विधवा. तिचे वडील नागपट्टणहून तिला न्यायला तयार आहेत, शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घालतो म्हणतात. पण नवऱ्याचं नक्की झाल्याशिवाय सून घर सोडणार कशी, असं अन्नपूर्णाबाईंचं म्हणणं.

आज जेवताना त्या म्हणाल्या, "विद्याधरा, तूं पाण्याखालीं श्वास घेतोस म्हणे. खरें काय?"

मी हो म्हटलं. खरंच आहे तसं. कोडंबाक्कमच्या एका स्टुडिओत नागलोकाच्या देखाव्यासाठी परदेशातून अ‍ॅक्वालंग मागवला होता. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात रबरी नळी. हिरो पाण्याला भ्यायला, म्हणून त्याच्या जागी मी. काचेची टाकी, आठ फूट पाणी, वरून दिवे, समोर रंगवलेली पोवळी. चार दिवस मी तिथे पोहलो. गल्लीत मात्र मी सांगताना टाकीचं तळं केलं, आणि तळ्याचा हळूहळू समुद्र झाला.

"मग माझा गुंडो काढून दे," त्या म्हणाल्या. "जसा असेल तसा. मी हात लावणार नाहीं. लांबून पाहीन, मग त्यास वाटेस लावूं."

राघोत्तम ताटाकडे बघत होता. मी म्हटलं, काढतो.

१४ जून

राघोत्तमनं अर्धी रजा काढली, आम्ही आवडीला गेलो. तळं सुंदर आहे. इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. मी बराच वेळ एका काळ्या पक्ष्याच्या मागे होतो, तो बुडी मारायचा आणि भलतीकडेच वर यायचा. राघोत्तम म्हणाला, "विद्याधरराव, आपण पक्षी पाहावयास आलों नाहीं."

सुब्बा पळवेरकाडकडचा, मूळचा समुद्रावरचा माणूस. त्यानं जागा दाखवली. बांध घालताना तळ्यातूनच दगड काढले होते, त्याचा खड्डा. गुंडो तिथेच उतरला. खोल किती म्हणून राघोत्तमनं विचारलं. सुब्बा म्हणाला, "एळु बागम्," आणि दोन्ही हात आडवे ताणून मोठा आळस दिला. सकाळची वेळ, बिचारा रात्रभर जाळ्यावर असणार.

राघोत्तम म्हणाला, "सात भाग. भाग हा शब्द संस्कृतच. त्या मोजणीच्या दगडावर खुणा आहेत पाहा, एकेक फुटाच्या, ते भाग. सात फूट."

माझ्या जिवात जीव आला. टाकीपेक्षा एक फूट कमीच. येताना गाडीत मी राघोत्तमला नागलोकाची सगळी गोष्ट सांगितली.

सुब्बानं आणखी एक सांगितलं. गुंडो पाण्यात शिरला तेव्हा त्याच्या खांद्याला कापडी पिशवी होती, आणि तो त्या बाजूला वाकून चालत होता. मी म्हटलं, पिशवी घेऊन कोण पोहतं? काठावर ठेवली असेल, कोणी लांबवली असेल.

१८ जून, रविवार

स्टुडिओचा स्टोअरकीपर अ‍ॅक्वालंग द्यायला तयार झाला. दोन जुलैचा रविवार, एकच दिवस. चार तारखेला सगळं सामान मुंबईला जाणार, मग संपलं. नळकांडं भरलेलं आहे. सोबतचं इंग्रजी पुस्तक राघोत्तमला दिलं, त्यानं पहिल्या पानावरच एक व्याकरणाची चूक काढली.

जेवायला उशीर झाला. मागच्या पडवीत कृष्णवेणीवैनी पाट्यावर चटणी वाटत होत्या, हातात वरवंट्याऐवजी नदीतला गोटा. तो सारखा निसटत होता. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "फाल्गुनापासून वरवंटा नाहींसा झाला. सोनें नेतील, भांडीं नेतील. वरवंटा कोण नेतो?"

मी म्हटलं, आमच्या मॅन्शनमध्ये साबण जातो, तुमच्याकडे वरवंटा जातो. कोणी हसलं नाही. वैनींनी गोटा धुतला आणि परत धुतला.

हात धुवायला मागे गेलो तर त्या दाराशी होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "पिशवी दिसली तर आईंसमोर उघडूं नका. दिसलीच तर पाण्यांतच राहूं द्या."

"त्यात काय, डबा असेल."

"डबा त्या दिवशीं घरींच राहिला होता."

मग काय होतं, असं विचारणार होतो, पण रस्त्यावर पार्थसारथीच्या देवळाचा उत्सव निघाला होता, नादस्वरम् वाजत अगदी दाराशी आलं. नंतर विचारायचं राहून गेलं. बायकांचं मन. नवऱ्याच्या वस्तू परत बघवत नसतील.

१९ जून

एक गोष्ट मला समजत नाही. गुंडो सापडला तर सर्वांत जास्त सुटका वैनींची. तरी मी तळ्याचं बोललो की त्यांचाच चेहरा राखेसारखा होतो.

२५ जून, रविवार

मी मेलो असतो. हे वाक्य लिहून अर्धा तास झाला, पुढे सरकत नाही.

जेवताना राघोत्तम बेत सांगत होता. दहा वाजता पोचायचं, सात भाग पाणी, तास-सव्वा तास हवा पुरेल, खड्ड्याचा कोपरान् कोपरा होईल. वैनी भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला.

"सुब्बानें कसें सांगितलें? हात केले काय?"

"हात कसले," मी म्हटलं. "आळस दिला त्यानं."

त्यांनी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि सासूसमोर, दिरासमोर, माझ्यासमोर दोन्ही हात आडवे पसरले. सुब्बानं पसरले होते तसेच. "ऐसें?"

"हो."

"माझे आजोबा नागपट्टणास बंदरावर होते. कोळी लोक दोरी ऐशी मोजतात. या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत एक बागम्. म्हणजे सहा फूट. सात बागम् म्हणजे बेचाळीस."

राघोत्तम म्हणाला, "वैनी, भाग हा शब्द मुळांत…"

"भावजी, सुब्बास संस्कृत येत नाहीं."

त्यानं उठून पुस्तक आणलं, आणि आता पहिल्यांदाच नीट वाचलं. तेहेतीस फुटांवर हवा दुप्पट लागते. त्याखाली आणखी. कानाचं एक पान आहे, फुप्फुसाचं एक पान आहे. वर येताना श्वास रोखला तर काय होतं, ते त्यानं वाचलं आणि मराठीत सांगायचं टाळलं.

वैनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आतां नकाच उतरूं." माझ्या जिवाची एवढी काळजी मिरज सोडल्यापासून कोणी केली नव्हती. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, नाही उतरत. तोंड उघडलंही होतं. पण अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "बेचाळीस तर बेचाळीस. जो समुद्रांत राहतो त्यास तळ्याचें काय?" आणि माझ्या पानात तूप वाढलं.

मी तूप खाल्लं.

२८ जून

तीन दिवस दुपारी मरीनावर जाऊन बसतो. आज सांगीन, उद्या सांगीन. काल त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे एक जण पोपटाकडून भविष्य काढत होता. पोपटानं मला जे पान काढलं त्यावर माकड होतं. ते काय सांगतंय विचारलं तर तो म्हणाला प्रवास आहे. परत आलो.

मला वाटायचं मी मोकळा माणूस आहे, कुठेही रमतो. खरं असं आहे की मी जिथे अडकेन तिथून पळतो आणि त्याला फिरणं म्हणतो. शाळा सोडली, कारण त्या वर्षी परीक्षेत नापास होणार होतो. वडिलांचं आजारपण सुरू झालं आणि मला मावशीची आठवण आली. हे मी आज पहिल्यांदा अक्षरात बघतोय. दिसायला चांगलं नाही.

३ जुलै, सोमवार

काल झालं.

तळ्यावर अन्नपूर्णाबाई बांधावर छत्री घेऊन बसल्या होत्या. पायात काही नाही, धुतलेलं नऊवारी, शेजारी तांब्या आणि पांढरं कोरं धोतर. राघोत्तमच्या हातात घड्याळ. वैनी घरी. सुब्बानं तराफा आणला आणि दगड बांधून दोरी सोडली. दर बागमाला एक गाठ. सात गाठी.

पहिल्या गाठीपर्यंत पाणी हिरवं होतं. दुसरीवर चहासारखं. तिसरीवर कानात कोणी सुई घातल्यासारखं झालं, मी नाक दाबलं, थोडं उतरलं. टाकीत पाण्याखाली दिवे असायचे आणि काचेपलीकडे माणसं हसत असायची, ते आठवलं. चौथ्या गाठीवर काहीच नव्हतं. काळोखही म्हणता येणार नाही, डोळेच नसल्यासारखं. खालून थंडी वर येत होती. मला माझा श्वास ऐकू येत होता आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

खाली अजून तीन गाठी. तिथे तो आहे, हे मला कळलं. बघितलं नाही, हाताला लागलं नाही, पण कळलं. मी दोरीला मिठी मारली आणि हललो नाही.

लगेच वर गेलो असतो तर सगळ्यांना समजलं असतं. म्हणून मी तिथेच राहिलो. चौथ्या गाठीला धरून, डोळे मिटून, मनात आकडे मोजत. तळ शोधायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ. हजारापर्यंत मोजलं. मग घाबरून भलत्या वेगानं वर आलो, नाकातून रक्त आलं. ते बघून राघोत्तमनं माझे पाय धरले. माझे.

अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "तळ लागला?"

"लागला."

"आहे?"

"नाही. दगड आणि चिखल. सगळा खड्डा हातानं चाचपला. काही नाही."

सुब्बा दोरी वर ओढत होता. माझ्याकडे बघून तो राघोत्तमला काहीतरी बोलला, राघोत्तमनं मला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं त्या रडतील. रडून संपेल, मी जाईन, शास्त्रीबोवांची बारा वर्षं काय मी लावलेली नाहीत.  पण त्यांनी ते कोरं धोतर उचललं, घडी काखेत घेतली आणि म्हणाल्या, "पाण्यांत नाहीं, तर मग माझा गुंडो आहे."

६ जुलै

घरात सण आहे. तंजावर, कुंभकोणम, तिरुपती, जिथे जिथे नातलग आहेत तिथे पत्रं गेली. राघोत्तम लिहितो, त्या सांगतात. "कोणाशीं रुसून गेला असेल. लहानपणींही माळ्यावर जाऊन बसे." रोज एक जास्तीचं पान मांडतात. वैनींच्या केसात आज सकाळी स्वतःच्या हातानं मोगरा माळला, कारण नवरा असलेल्या बाईनं असं राहू नये. वैनी खांबासारख्या उभ्या होत्या.

मला देवासारखं वागवतात. मी जातो आणि जेवतो.

९ जुलै, रविवार

वैनींचे वडील नागपट्टणहून आले होते. ट्रेनिंगचा अर्ज घेऊन, बावीस तारीख शेवटची. अन्नपूर्णाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचे जांवईबापू येतील तेव्हां सून घरांत नको काय? वसतिगृहांत राहायला ती काय विधवा आहे?" वैनींच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण खालीं जाऊन पाहिलेंत?" मी मान हलवली. त्यांनी अर्जाची चौघडी केली, खिशात घातली आणि दुपारच्या गाडीनं एकटेच गेले.

मी निघालो तेव्हा वैनींनी मला मागच्या दाराशी गाठलं.

"किती गाठी गेलांत?"

"सात."

"सातव्या गाठीस चिखल पायास लागला?"

"लागला की."

"सुब्बा भावजींस म्हणाला, तेथें चिखल नाहीं. खडक आहे."

 भिंतीवर एक सरडा होता, त्याकडे बघत होतो.

"ते तेथेंच आहेत," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"कशावरून?"

 "मीं बोललें तर आईंस तें बारा वर्षांपेक्षां जड जाईल. न बोललें तर…" तेवढ्यात आतून हाक आली, आणि त्या पाट्यावर जाऊन बसल्या. काय जड जाईल ते मला कळलं नाही. मुलगा बुडाला हे तर त्या मार्चपासून धरूनच चालल्या होत्या. हट्ट आहे झालं, असं म्हणून मी सोडून देणार होतो, पण सुटत नाही. एवढं एकच कळतं की त्यांच्या दाराला कडी मी लावली, आणि ती काढायला माझं एक वाक्य पुरे आहे.

१२ जुलै, बुधवार

वाक्य पाठ केलं आहे. "मी चौथ्या गाठीच्या खाली गेलो नाही." सहा शब्द. दोनदा गेलो. पहिल्यांदा अन्नपूर्णाबाई दारात रांगोळी काढत होत्या आणि मला पाहून एवढ्या हसल्या की मी चौकशी करून परत आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, गुंडोला उन्हाचा त्रास आहे, तो जिथे आहे तिथे पाऊस असेल ना. मी म्हटलं, असेल.

अ‍ॅक्वालंग मुंबईला गेला. आता कोणी पुन्हा उतरणार नाही. मी सांगितलं तरी देह मिळणार नाही, फक्त म्हातारीचा मुलगा दुसऱ्यांदा मरेल. हे मी स्वतःला छान समजावतो. मग बावीस तारीख आठवते, दहा दिवस राहिले.

संध्याकाळच्या गाडीनं बंगलोरला जातोय. ट्रंक भरली. मावशीला काय सांगायचं ते गाडीत ठरवीन. ही वही इथेच टाकणार होतो, पण कोणी वाचली तर म्हणून

मध्येच थांबलो, कारण पद्मनाभ आला होता. पद्मनाभ म्हणजे आमच्या मॅन्शनचा मॅनेजर. तो आता खाली गेला आहे. आमचं काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मी अजून उठलेलो नाही.

तो म्हणाला, "खाली एक बाई आल्यात. बायकांना वर सोडत नाही म्हणून सांगितलं. बाकावर बसा म्हटलं तर बसत नाहीत. जिन्याशी उभ्या आहेत."

"म्हातारी?"

"नाही, तरुण आहे. कपाळ मोकळं, विधवा आहे, पावम्, बिचारी."

"मग माझ्याकडे नसेल. माझ्या ओळखीत विधवा कोणी नाही."

पद्मनाभनं माझ्या ट्रंकेकडे पाहिलं. "नाव तुझंच घेतलं," तो म्हणाला. "आणि स्वतःचं कृष्णवेणी सांगितलं."